पाव तासाचा परदेश

परदेश म्हटला कीं मनांत समुद्र येतो, आगबोट येते, निरोपाचे रुमाल येतात. ज्या देशास जावयास यांपैकीं कांहींच लागत नाहीं, त्यास परदेश म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न नोकरीनिमित्त पुण्याचें बिऱ्हाड काठमांडूस हलवितांना आम्हांस पडला होता. भारतीयास नेपाळांत व्हिसा लागत नाहीं. १९५० च्या तहानें दोन्ही देशांच्या नागरिकांस परस्परांकडे राहण्याची व व्यापारउदीम करण्याची मोकळीक दिली आहे. लिपि देवनागरी, देव ओळखीचे, ताटांत वरणभात. "परदेश कसला, जरा लांबचें गांव एवढेंच!" असें म्हणून आप्तेष्टांनीं आमचें समाधान केलें.

या समाधानास पहिला धक्का घड्याळानें दिला. येथील वेळ भारताच्या पंधरा मिनिटें पुढें आहे. दोन-चार तासांचा फरक असता तर आम्हीं तो निमूटपणें मानला असता. पण पाव तासाचा फरक हा दोन देशांतला वाटतच नाहीं. शेजारच्या घरांतलें घड्याळ पुढें गेल्यासारखा वाटतो. आमच्या मातोश्री रोज रात्रीं आठास पुण्याहून फोन करितात. "तुमचें घड्याळ सुधारलें का रे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. वास्तविक बिघाड कोठेंच नाहीं. भारताची वेळ ८२ अंश ३० कला या रेखावृत्तावरून ठरते. नेपाळनें १९८६ सालीं आपली वेळ गौरीशंकर शिखराच्या ८६ अंश १५ कला या रेखावृत्तावर बसविली. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें अंतर बरोबर पंधरा मिनिटांचें होतें. त्यापूर्वीं कित्येक वर्षें येथें भारताचीच वेळ चालत असे.

पंचांगाचीही तीच कथा. गुढीपाडव्यास शके १९४७ चें स्वागत करून आम्ही २०२५ सालीं येथें आलों, तों पंधरवड्याच्या आंतच विक्रम संवताचें २०८२ वें वर्ष सुरू झालें. आपल्याकडे पंचांग सणावारांपुरतें उघडावयाचें. येथें सरकारी कचेऱ्यांचा कारभार व जन्माचे दाखले त्याच्याच तारखांवर चालतात. कांहीं महिन्यांस तर चक्क ३२ तारीख असते! साप्ताहिक सुटी परंपरेनें शनिवारची; तेव्हां पहिल्याच रविवारीं, पुण्यांतलें घर अजून अंथरुणांत असतां, आम्ही कचेरीची वाट चालूं लागलों होतों.

पण खरी गंमत शब्दांची. अक्षर न् अक्षर वाचतां येतें, आणि म्हणूनच फसगत होते. 'शिक्षा मन्त्रालय' ही पाटी वाचून मराठी मनुष्य दचकतो. येथें शिक्षा म्हणजे शिक्षण. 'यातायात' म्हणजे वाहतूक. मात्र काठमांडूच्या रस्त्यांवर दोन्ही भाषांतले अर्थ एकदमच पटतात. 'बुवा' म्हणजे कीर्तनकार नव्हे, तर वडील. 'चिउरा' मागवावा तर चिवड्याऐवजीं बिनफोडणीचे कोरडे पोहे पुढें येतात. सर्वस्वीं अपरिचित भाषेंत मनुष्य सावध असतो. ओळखीच्या शब्दावर तो निर्धास्तपणें पाय टाकतो. शेजाऱ्याविषयींही आपलें असेंच होतें. तो आपल्यासारखा दिसतो, म्हणून तो आपलीच थोडी बिघडलेली नक्कल असावी, असें आपण धरून चालतों.

आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें असें कांहीं धरलें नव्हतें. सहा महिन्यांत ती दुकानदारास 'दाइ' आणि शेजारणीस 'दिदी' म्हणूं लागली. एके रात्रीं फोनवर ती आजीस सहज म्हणाली, "आमच्याकडे सव्वाआठ झाले." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नात दुरावत चालली, हें भय त्या शांततेंत आम्हांस स्पष्ट ऐकूं आलें. त्यावर देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

दिवाळीच्या सुटींत आम्ही पुण्यास गेलों. आमच्या इमारतीचा राखणदार नेपाळी आहे. आपल्या शहरांत अशा मनुष्यास नांव नसतें; तो 'गुरखा' असतो, फार तर 'बहादूर' असतो. कन्या फाटकांतून आंत शिरली आणि म्हणाली, "दाइ, खाना खानुभयो?" जेवण झालें का, एवढाच त्याचा अर्थ, येथें तें रोजचें कुशल आहे. तो गृहस्थ खुर्चीवरून उठून उभा राहिला. "खाएँ, नानी," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. नेपाळींत लहान मुलांस 'नानी' म्हणतात, हें कळल्यावर मातोश्री मोठ्यानें हंसल्या. मग त्या त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनीं त्याचें नांव विचारलें. अकरा वर्षें तो त्या फाटकाशीं बसत होता.

त्याचें नांव, गांव, दोन मुलें, सर्व समजून घेतल्यावर मातोश्री थोडा वेळ थांबल्या. समोर भिंतीवरच्या घड्याळांत पांच वाजले होते. "म्हणजे तुमच्या घरीं आतां सव्वापांच," त्या म्हणाल्या, "मुलें शाळेंतून आलीं असतील."

आम्ही परतल्यावरही रात्रीं आठाचा फोन येतो. घड्याळ सुधारलें का, हें मात्र आतां कोणी विचारीत नाहीं.