नाव लीन

मराठीत 'लीन' म्हटलं की डोळ्यांपुढे देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकलेला माणूस येतो. मी ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचंही नाव लीनच, पण त्यानं कुणापुढे मान तुकवल्याचं ऐकिवात नाही. जन्म 2013 चा, मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातला. जन्मदाता लिओनार्दो द मौरा. धंदा एकच. आपण गणितातली सिद्धता त्याच्या भाषेत लिहायची आणि त्यानं ती ओळीओळीनं तपासायची. पटलं नाही तर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. पटलं तर उजवीकडच्या चौकटीत एवढाच निरोप, की आता सिद्ध करायचं काही उरलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याला लॅपटॉपात घालून रोहिणखेडला काकांकडे घेऊन आलो. वीस वर्षं कॉलेजात कॅल्क्युलस शिकवतोय. ग्रेडियंटचा धडा झोपेतही घेईन. त्यातले चार-दोन लेमा, म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे जाताना लागणाऱ्या लहान पायऱ्या, सुट्टीत लीनकडून मंजूर करून घ्यावेत असं मनात होतं. गावही त्या कामाला साजेसं. रोहिणखेड मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला आधी विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा घाटाखाली. सोयरीक, बोली, पाणी, सगळ्याची वाटणी त्या एका उतारानं केलेली. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास, मलकापूर अडीचशेच्या. मधले चारशे मीटर म्हणजे घाट. या घाटाच्या तोंडाशी 1437 मध्ये बहमनी फौजेनं खानदेशच्या नासिरखानाला हरवलं, आणि 1590 च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या लढाईत सरदार जमालखान इथंच पडला. त्याच्या काही वर्षं आधी, 1582 मध्ये बांधलेली मशीद गावात आहे. उताराबद्दल रोहिणखेडकराला कुणी शिकवावं असं काही नाही, असा माझा समज होता.

लीन एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. त्या बिऱ्हाडाचं नाव मॅथलिब: 2017 पासून जगभरच्या शेकडो लोकांनी त्याच्या भाषेत लिहून ठेवलेली, तपासून झालेली प्रमेयं. हा साठा आयता उतरवून घ्यायची एक आज्ञा असते. मी ती द्यायला विसरलो. मग साहेबांनी एकेक प्रमेय पहिल्यापासून स्वतः तपासायला घेतलं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घुमत राहिला. पहाटे काकू उठल्या आणि म्हणाल्या, "कावून रे, त्याच्यात दळण टाकलं का?" सकाळी मोबाइलचा सगळा डेटा ओतून तो साठा आयता उतरवला तेव्हा घरात शांतता झाली.

पहिली ओळ मी अगदी साधी लिहिली. शेतातल्या प्रत्येक बिंदूला एक उंची. बिंदू म्हणजे दोन संख्यांची जोडी, पूर्वेकडे किती नि उत्तरेकडे किती. पुढं नाब्ला, ते ग्रेडियंटचं उलटं त्रिकोणी चिन्ह. लाल रेघ. तक्रार अशी, की या जागेत इनर प्रॉडक्ट, म्हणजे लांबी नि कोन मोजायची सोय, सापडत नाही.

मला वाटलं, चिन्ह चुकलं. चिन्ह बरोबर होतं, जागा चुकली होती. नुसती संख्यांची जोडी दिली, तर मॅथलिबात अंतर मोजायची रीत वेगळी आहे: दोहोंतलं जे मोठं तेच अंतर. तीस मीटर पूर्वेला आणि चाळीस मीटर उत्तरेला गेलात, तर तुम्ही घरापासून चाळीस मीटरवर. पन्नास नव्हे. पायथागोरसला त्या घरात प्रवेश नाही, आणि पायथागोरस नाही म्हणून काटकोनही नाही. काटकोन हवा असेल तर 'युक्लिडियन स्पेस' असं स्पष्ट सांगून दुसरी जागा मागावी लागते. दिसायला तीच जोडी, पण मोजपट्टी सोबत आलेली.

या ठिकाणी मी दोन दिवस अडकलो, आणि वीस वर्षांत न कळलेली गोष्ट तिथं कळली. डेरिव्हेटिव्ह वेगळा, ग्रेडियंट वेगळा. डेरिव्हेटिव्ह नुसता हिशेब सांगतो: या बाजूला एवढं सरकलास तर एवढा चढशील. त्याला काटकोनाची गरज नाही. ग्रेडियंट मात्र बाण आहे, सगळ्यात खडा चढ ज्या दिशेला त्या दिशेचा. आता पूर्व-पश्चिम पावलांनी मोजली आणि दक्षिणोत्तर दोरखंडानं, आणि एक पाऊल नि एक दोरखंड सारखेच धरले, तर 'सगळ्यात खडा' ही दिशाच बदलते. डोंगर तोच, हिशेब तोच, बाण भलतीकडे. हिशेबातून बाण काढायला मोजपट्टी लागते, आणि असा बाण असतोच व एकच असतो याची हमी लागते. ती हमी रीस आणि फ्रेशे या गणितज्ञांनी 1907 मध्ये वेगवेगळी दिली. मॅथलिबातली ग्रेडियंटची फाइल 2023 ची. माथ्यावर पाच जणांची नावं आहेत, आणि व्याख्या नेमकी हीच: आधी डेरिव्हेटिव्ह घ्या, मग रीसच्या प्रमेयाचा रस्ता उलटा चाला. संमिश्र संख्यांवर गेलात तर हा रस्ता आणखी वाकडा. फलनाला i नं गुणलं की बाण उणे i नं गुणला जातो. पुस्तकात हे एका तळटीपेत मावतं, लीन ते विसरू देत नाही. आणि मी? मी वर्षानुवर्षं फळ्यावर कंसात दोन पार्शल डेरिव्हेटिव्ह लिहून "हा झाला ग्रेडियंट" म्हणत आलो. पोरांनीही कधी विचारलं नाही.

काका दुपारी डोकावून जात. एकदा मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "उतार हाये तं हाये. त्याले सिद्ध काय कराचं?"

लीनला या वाक्याचा तिटकारा आहे. 'उघड आहे' हे आम्हा मास्तरांचं ब्रह्मास्त्र त्याच्यापुढे चालत नाही. भास्कराचार्यांबद्दल सांगतात, की पायथागोरसच्या सिद्धांताची आकृती काढून त्यांनी खाली एकच शब्द लिहिला: पहा! आख्यायिकाच असेल, कारण आचार्यांनी स्वतःच्या ग्रंथावर उपपत्ती सांगणारं वासनाभाष्यही लिहिलं आहे. पण लीनला 'पहा' म्हणून उपयोग नाही. तो जन्मांध आहे. त्याला आकृती दिसत नाही, घाट दिसत नाही, फक्त अक्षरं चाचपता येतात.

वास्तविक आचार्य आमच्या शेजारचेच म्हणायचे. याच रांगेत पश्चिमेला, चाळीसगावजवळ पाटण इथं त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. 1207 चा शिलालेख आहे त्याचा. 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती आहे, म्हणजे त्या क्षणापुरती गती, आणि ज्या (साइन) कशी बदलते याचा कोज्येशी (कोसाइनशी) संबंधही आहे. डेरिव्हेटिव्हची चाहूल या डोंगरांना न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी लागलेली. हे वाक्य मी अभिमानानं लिहिलं, पण लीनसमोर लिहिणार नाही. 'चाहूल'ची व्याख्या मागेल.

दुसरा लेमा बेरजेचा. दोन फलनांच्या बेरजेचा ग्रेडियंट म्हणजे ग्रेडियंटांची बेरीज. शाळकरी गोष्ट. लीननं अट घातली: दोन्ही फलनं त्या बिंदूशी डिफरन्शिएबल असल्याचा पुरावा आणा. मी आधी कुरकुरलो, मग अट काढून काय होतं ते करून पाहिलं. धारदार माथ्याचा एक बांध घ्या. दुसरं शेत असं घ्या, की त्याच जागी तेवढीच खाच आहे आणि शिवाय एकसारखा चढ. दोन्ही उंचींची बेरीज केली की बांध खाचेत जिरतो, उरतो नुसता चढ. पण मूळच्या दोन्ही शेतांत त्या धारेवर उतार ठरतच नाही. आणि जिथं उतार ठरत नाही तिथं लीन काय म्हणतो? शून्य. शून्य अधिक शून्य बरोबर चढ, हे काही खरं नाही. म्हणून अट.

त्याचा दुसरा स्वभाव इथं उघडा पडतो. इतका शंकेखोर माणूस, पण त्याला विचारा, एक भागिले शून्य किती? शून्य, म्हणतो. नैसर्गिक संख्यांत दोनातून तीन गेले? शून्य. त्याच्या घरचा नियम असा, की फलनानं प्रत्येक ठिकाणी काहीतरी उत्तर द्यायचंच, 'माहीत नाही' चालणार नाही. मग निरर्थक जागी सोयीचं उत्तर ठेवून देतात आणि खरी अट प्रमेयाच्या दारात उभी करतात. सोय मोठी आहे. पण परिणाम असा, की तुटलेल्या कड्याच्या काठावर त्याला ग्रेडियंट विचारला तर शून्य, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराच्या तळाशी, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद वाडग्याच्या सर्वांत खोल बिंदूशी विचारला तरी शून्य. पहिलं शून्य सोयीचं, दुसरं कमावलेलं. त्याच्या तोंडून दोन्ही सारखीच ऐकू येतात. 'ग्रेडियंट शून्य, म्हणजे सपाट' असं समजून चालणाऱ्याला तो बिनदिक्कत कड्यावरून खाली जाऊ देईल.

तेव्हा 'संगणकानं तपासलंय, म्हणजे खरंच' म्हणणाऱ्यांनी लीनला अर्धाच ओळखलाय. पायऱ्यांच्या बाबतीत हा पराकोटीचा संशयी. व्याख्येच्या बाबतीत लहान मुलासारखा भोळा. तुम्ही जे लिहिलंत ते सिद्ध झालं की नाही, एवढंच सांगेल. जे मनात होतं तेच लिहिलंत का, ही जबाबदारी तुमची.

तरीही त्याचा एक गुण मला फार आवडतो, तो म्हणजे उधारी. सिद्धतेचा एखादा तुकडा जमत नसेल तर तिथं 'सॉरी' लिहायचं. खरोखरच हा शब्द त्याच्या भाषेत आहे. लाल रेघ जाते, पिवळी येते, काम पुढं सरकतं. पण माफी मिळाली असं समजू नका. त्या तुकड्यावर टेकलेलं जे जे पुढं सिद्ध कराल, ते कशाकशावर उभं आहे असं विचारलंत की यादीत ती जुनी उधारी निघतेच. आतल्या खोलीत एक छोटा गाभा बसलेला असतो, मारवाडी पेढीवरच्या मुनीमासारखा. बाहेरची पोरं कितीही हुशारीनं सिद्धता जुळवून आणोत, शेवटचा आकडा तोच तपासतो. गाभा मुद्दाम लहान ठेवलाय, म्हणजे भरवसा ठेवायचा तो थोडक्याच ओळींवर.

सिद्धता तपासणाऱ्या या खानदानाचा नावलौकिक मोठा आहे. फळांच्या गाडीवर संत्री रचतात त्याहून दाट गोळे रचता येणार नाहीत, हे केपलरचं 1611 चं म्हणणं गणितज्ञ हेल्स यांनी 1998 मध्ये सिद्ध केलं; पण तपासनीस पूर्ण खात्री देईनात. शेवटी 2014 मध्ये लीनच्या भाऊबंदांनी, एचओएल लाइट आणि इसाबेल यांनी, निकाल दिला. खुद्द लीनकडे गणितज्ञ पीटर शोल्झे यांनी 2020 च्या डिसेंबरात आपलंच एक प्रमेय टाकलं, कारण त्यांना स्वतःच्या सिद्धतेची धाकधूक होती; जुलै 2022 मध्ये ते पूर्ण तपासून झालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिद्धार्थ गाडगीळ लीनवर काम करतात. एवढ्या मोठ्या घरी वावरणारा हा गडी, आणि मी त्याला रोहिणखेडच्या ओसरीवर बसवून बांधाच्या गोष्टी विचारत होतो.

कारण शेवटचा लेमा मला काकांसाठी हवा होता. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन काठ्यांना बांधून, शेतात एकाच उंचीचे बिंदू खुणावले होते आणि फक्कीनं जोडले होते. ती समपातळीची रेघ. लेमा असा, की ग्रेडियंट त्या रेघेला नेहमी काटकोनात. सिद्धता गोड आहे. रेघेवरून चालत गेलात तर उंची बदलत नाही, म्हणून तिचा दर शून्य. चेन रूल म्हणतो, हाच दर म्हणजे बाण आणि चाल यांचा इनर प्रॉडक्ट. इनर प्रॉडक्ट शून्य, म्हणजे काटकोन. अकरा ओळींत लीन मानला, एकही रेघ न ओढता. मी खूश होतो तोवर डोक्यात आलं, त्या बिंदूतून अशी गुळगुळीत रेघ असतेच, हे कुठं दाखवलंय? त्याला इम्प्लिसिट फंक्शनचं प्रमेय लागतं, आणि ते साध्या डिफरन्शिएबलवर भागत नाही, अधिक कडक अट मागतं. सुट्टीचे दोन दिवस उरले होते. मी 'सॉरी' लिहिलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं, तुमच्या फक्कीच्या रेघेला उतार काटकोनात असतो, हे संगणकानं मान्य केलंय.

"मंग आडवंच पेराचं नं?"

"हो काका."

मृगाआधी वखरणी झाली, उताराला आडवी. फाइलमधलं सॉरी अजून तिथंच आहे.