रिकाम्या डब्याचं वजन

एक साधा प्रश्न. काहीच नसलेली गोष्ट कॉम्प्रेस केली तर केवढी होईल? आमच्या विंगमध्ये दहा जणींना विचारलं. दहाही जणी म्हणाल्या, शून्य. उत्तर आहे २० बाइट्स!

(कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या.) वेब सर्व्हर पान पाठवण्याआधी ते जीझिप करतो, म्हणजे ते लवकर पोचतं. मोठ्या पानाला हे उत्तमच. पण जीझिप म्हणजे टिफिनचा डबा. आत पोळी-भाजी असो वा नसो, डब्याचं स्वतःचं वजन असतंच. १० बाइट्सचा हेडर, २ बाइट्समध्ये ‘आत काही नाही, संपलं’, ४ चेकसमचे आणि शेवटचे ४ मूळ मालाची लांबी सांगायला. लांबी शून्य, पण ते शून्य लिहायलाही ४ बाइट्स लागतात. १९९६ च्या आरएफसी १९५२ मध्ये सगळं दिलंय, हौशींनी वाचावं.

२० बाइट्सनी काय बिघडतं? माझ्या रूममेटचं सेमिस्टर बिघडायची वेळ आली होती. तिचा प्रोजेक्ट मेसच्या मेन्यूचा, सर्व्हर सीनियर्सकडून वारशात आलेला. पान पहिल्यांदा झकास उघडायचं. नंतर कधी चित्रं गायब, कधी नुसती एरर. गाइड सरांचं निदान ठाम: “कोड कच्चा आहे, परत लिही.” रिव्ह्यूला उरलेले चार दिवस. बाई जेवेनाशी झाली. (मेसची भाजी बघता त्यात नवल नाही, पण यावेळी कारण वेगळं होतं.)

आता खरी गंमत. ब्राउझरकडे पानाची जुनी प्रत असते. तो सर्व्हरला विचारतो, काही बदललं का? नसेल बदललं तर सर्व्हर ‘३०४’ म्हणतो आणि गप्प बसतो. आमचे बाबा एसटीतून उतरले की आईला मिस्ड कॉल द्यायचे, तसंच. रिंग वाजली, निरोप पोचला, उचलायचं नाही. ३०४ ला बॉडी नसतेच, २०४ लाही नसते, तसा नियमच आहे. हेडरनंतरची रिकामी ओळ आली की ब्राउझरच्या लेखी उत्तर संपलं.

हा सर्व्हर मात्र प्रत्येक उत्तर न बघता डब्यात भरत होता, ३०४ चं ‘काही नाही’सुद्धा! ते २० बाइट्स मागाहून निघायचे. कनेक्शन तेच चालू, म्हणून ब्राउझरला ती पुढच्या उत्तराची सुरुवात वाटायची. बाइट्स उशिरा पोचले तरच घोटाळा, त्यामुळे तो कधीकधीच दिसायचा. रात्री दोनला वायरशार्कमध्ये ३०४ च्या मागे ‘१एफ ८बी’ दिसलं, ही जीझिपची सही, तेव्हा ती अशी किंचाळली की रेक्टर मॅडम वर आल्या.

दुरुस्ती दोन ओळींची. बॉडी रिकामी असेल तर कॉम्प्रेशनच्या वाटेला जायचंच नाही. अपाचीचं मॉड-डिफ्लेटही हेच करतं. पण अर्धवट केलंत तर उलटा घोळ: बॉडी रिकामी आणि हेडरमध्ये ‘आत जीझिप आहे’ ही चिठ्ठी तशीच. मग जावाचा जीझिप-इनपुट-स्ट्रीम डबा शोधत बसतो, सापडत नाही, आणि ईओएफ एक्सेप्शन फेकतो. म्हणून चिठ्ठीही काढायची.

रिव्ह्यूला तिने ते २० बाइट्स मोठ्या अक्षरात छापून नेले. सरांनी पेनाने एकेक मोजला. मग विचारलं, “चेकसमपण शून्यच?”

“हो सर. रिकाम्याचा सीआरसी शून्यच येतो.”

कोड परत लिहायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.