एका पॅकेजची वरात

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शाळेत चार जुने संगणक आहेत, नेट मात्र नाही. मुलांसाठी 'जीकॉम्प्री' हे शैक्षणिक सॉफ्टवेअर टाकायचं ठरवलं. (फ्रेंचमध्ये या नावाचा उच्चार 'मला समजलं' असा होतो. मला मात्र काही समजलं नव्हतं!) रविवारी यवतमाळला जाऊन पॅकेज पेन ड्राइव्हवर आणलं. सोमवारी डेबियनवर चालवलं, तर आधी त्याचं डेटा पॅकेज हवं म्हणे. पुढच्या रविवारी तेही आणलं. मग 'क्यूटी'च्या लायब्ररी हव्या, त्यांना आणखी दुसऱ्या! सातवीतला एक जण वैतागून म्हणाला, "सर, हे तं दाखल्यावानी झालं. जातीच्या दाखल्याले टीसी, टीसीले अर्ज, अन् अर्जावर सहीले बाप घरी पाह्यजे."

डिपेंडन्सी याहून सोपी मला शिकवता आली नसती. शेवटी एक संगणकच गाडीवर बांधून मित्राकडे नेला. तिथे नेट होतं. 'अ‍ॅप्ट'ने प्रत्येक पॅकेजची गरजांची यादी वाचून अख्खी वरात एका आदेशात आणली. दोन रविवार उगाच गेले.

पण खरी पंचाईत पुढे झाली. त्याच पोराने विचारलं, "सर, आपला पेपर छापायचा फॉन्ट कोणाचा हाय? इकत घेतला का?" मी गप्प. तो विकतचा फॉन्ट मी कित्येक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून उचलला होता.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजसोबत 'कॉपीराइट' नावाची फाईल असते. मुलांसमोर 'लोहित देवनागरी'ची उघडली. रेड हॅटने लोहित फॉन्ट 2004 मध्ये जीपीएलखाली खुले केले, 2011 मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स दिलं. वापरा, वाटा, बदला. सॉफ्टवेअरसोबत विकलात तरी चालेल, नुसता फॉन्ट मात्र विकायचा नाही. डेबियनने 1997 पासून 'मुक्त' कशाला म्हणायचं याचे नियमच केलेत. त्यात न बसणारं पॅकेज मुख्य विभागात येत नाही. शिवाय मुख्य विभागातलं पॅकेज बाहेरच्या कुठल्याही पॅकेजवर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणजे वरातीतला प्रत्येक जण तपासलेला. मला हा नियम फार आवडला.

तो फॉन्ट काढून टाकला. तो युनिकोड नव्हता, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आता छापील प्रती समोर ठेवून लोहितमध्ये पुन्हा टाइप करतोय. तिसरीपर्यंतच्या झाल्या.