स्वप्नातला गोपनीय अहवाल

आपले स्वप्न दुसऱ्यास सांगू पाहणाऱ्या माणसाइतका केविलवाणा वक्ता दुसरा नसेल. सकाळच्या चहाच्या वेळी तो मोठ्या उत्साहाने सुरुवात करतो, "जिना आमच्या आजोळचा होता, आणि तरीही नव्हता". आणि तेवढ्यात ऐकणाराची दृष्टी वर्तमानपत्राकडे वळलेली असते. दोष त्याचा नव्हे, भाषेचा आहे. 'होता आणि नव्हता' हे बोलून दाखविले की खोटे वाटते. पडद्यावर मात्र ते नुसते दाखविता येते. स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. पाहणारा ते सारे स्वतःच निर्माण करतो, असे बृहदारण्यकोपनिषदात सांगितले आहे. चित्रपटाच्या कारखान्याचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही.

अर्थात रथ आणि रस्ते उभे केले म्हणजे स्वप्न उभे राहते असे नाही. राज कपूरच्या 'आवारा'तील (१९५१) स्वप्नदृश्य आमच्या पिढीने तोंडात बोट घालून पाहिले. ढगांत चढत जाणारे जिने, प्रचंड मूर्ती, खाली ज्वाळांचा नरक! त्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक आपले चित्रकार एम. आर. आचरेकर होते, हे आठवून परमुलुखात ऊर किंचित भरूनही येतो. परंतु ते स्वप्न नायकाविषयी असे काहीच सांगत नाही, की जे त्याने जागेपणी आम्हांला सांगितलेले नाही. त्याचे डोळे मिटले आहेत एवढ्यावरून त्यास स्वप्न म्हणावयाचे.

उलट टोक हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'चे (१९४५). पडद्यावरची स्वप्ने धुक्यात बुडविण्याची जुनी रीत त्याला नको होती; रेषा धारदार हव्या होत्या, म्हणून त्याने साल्वादोर दालीकडून स्वप्नाची चित्रे काढून घेतली. डोळे रंगविलेले पडदे, ते कापणारी अवजड कात्री, चेहरा नसलेला माणूस. हे सारे विलक्षण आहे खरे. पण मग मानसवैद्य पुढे सरसावतात, एकेका खुणेचा उलगडा करतात, आणि खून कोणी केला ते निघते! सुप्त मन म्हणजे जणू पोलीस ठाण्यातला खबऱ्या. १९२६ साली जर्मन दिग्दर्शक पाब्स्ट याने मनोविश्लेषणावर चित्रपट काढला, तेव्हा फ्रॉइडचे शिष्य अब्राहम आणि साक्स सल्लागार झाले. गुरू मात्र दूरच राहिले. आपल्या कल्पना चित्ररूपात मांडता येतील असे त्यांना वाटत नव्हते. उलगड्याची ही हौस पाहिली की गुरूंचा संशय अगदीच अनाठायी नव्हता असे वाटते.

परंतु १९५७ साली स्वीडनमध्ये बर्गमनने 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' केला. वृद्ध वैद्य इसाक बोर्ग आपल्या पदवीच्या पन्नासाव्या वर्षी सन्मान स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमहून लुंडला मोटारीने निघतो. निघण्यापूर्वीच्या रात्री त्याला स्वप्न पडते. रस्ते ओस, रस्त्यावरच्या घड्याळाला काटे नाहीत. तो आपले खिशातले घड्याळ काढतो, त्यालाही नाहीत. शवगाडीतून पेटी खाली पडते, आतला हात त्याला धरतो, आणि प्रेताचा चेहरा त्याचाच असतो. बोर्गची भूमिका करणारे व्हिक्टर स्योस्ट्रोम हे स्वतः मूकपटांच्या काळातले थोर दिग्दर्शक, वय अठ्ठ्याहत्तर. त्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाला फारसे काही करावे लागलेले नाही.

आमच्या मनात घर करून राहिले आहे ते मात्र दुसरे स्वप्न, परीक्षेचे. दिवसा वाटेत एक भांडखोर जोडपे मोटारीत घेतलेले असते. त्यातला नवरा स्वप्नात परीक्षक होऊन बसतो. (स्वप्ने अशीच नोकरभरती करतात: जो हाताशी असेल तो.) बोर्ग सूक्ष्मदर्शकात डोकावतो, त्यात त्याला स्वतःचाच डोळा दिसतो. फळ्यावरचा मजकूर त्याला वाचता येत नाही. वैद्याचे पहिले कर्तव्य कोणते, हे तो विसरला आहे. परीक्षक सांगतो, क्षमा मागणे. शेरा पडतो: अपात्र. शिक्षा: एकटेपण.

परमुलुखात नेमणूक झालेल्या ज्या अधिकाऱ्याने त्या मुलखाच्या भाषेची विभागीय परीक्षा दिली आहे, त्याला या फळ्याचे वर्णन करून सांगावयास नको. आम्ही ती परीक्षा कधीच उत्तीर्ण झालो. तरी वर्षातून दोनदा आम्ही तिला पुन्हा बसतो, आणि प्रश्नपत्रिकेवरची अक्षरे मुंग्यांसारखी चालू लागतात. पूर्वी आमच्या खात्यांत वरिष्ठ दरसाल गोपनीय अहवाल लिहीत. आता त्याचे नाव बदलले, आणि तो ज्याचा त्याला दाखविलाही जातो. पण बर्गमनने जो दाखविला तो अहवाल लिहिणारा वरिष्ठ आमच्याच आत बसलेला आहे. त्याच्यापुढे आम्ही किती धारिका निकाली काढल्या याचा हिशेब चालत नाही. जाताना कोणाला भेटावयाचे राहिले, घरच्या कोणत्या पत्राला चार औपचारिक ओळींत वाटेला लावले, एवढेच तो विचारतो. आणि त्या शेऱ्याविरुद्ध अपील कोठे करावे, हे कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

सत्यजित राय यांच्या 'नायक'मध्येही (१९६६) प्रवास सन्मानाकडेच आहे. विमानात जागा न मिळाल्यामुळे नट अरिंदम मुखर्जी आगगाडीने कलकत्त्याहून दिल्लीस पारितोषिक घ्यावयास निघतो. त्या मार्गाने रजेवर आणि बदलीवर गेलेल्यांना खिडकीबाहेरचा अंधारही ओळखीचा वाटेल. डोळा लागतो, आणि तो नोटांच्या राशींतून आनंदाने चालू लागतो. मग दूरध्वनी वाजू लागतात, राशींतून हाडांचे हात वर येतात, आणि पाय रुततात. हाडांचे ते हात आम्हांला थोडे भडक वाटतात. राय यांच्यासारख्या संयमी माणसाला त्यांची गरज नव्हती. पण पुढे नाटकातले त्याचे गुरू शंकरदा दिसतात. चित्रपटात जाऊ नकोस, असे त्यांनी परोपरीने बजावले होते. अरिंदम रुतता रुतता त्यांना हाक मारतो, आणि शंकरदा त्याला बाहेर काढीत नाहीत. येथे उलगडा करणारा वैद्य कोणी नाही. उत्तमकुमार घामाघूम होऊन जागा होतो, आणि एवढा मोठा लोकप्रिय नट एका शाळकरी मुलासारखा दिसतो.

दोघांत एक फरक आहे. बोर्गला स्वप्नानंतर थोडी सवलत मिळते: रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला लहानपणचे पाणी आठवते, पलीकडे वडील गळ टाकून बसलेले, आई शेजारी, आणि दोघे त्याच्याकडे पाहून हात हलवितात. अरिंदमचे जे काही हलके होते, ते गाडीतच, अदितीपुढे बोलून. ती एका स्त्रियांच्या मासिकाची संपादिका; त्याची मुलाखत तिने टिपून घेतलेली असते. शेवटी ती ते कागद त्याच्यासमोर फाडून टाकते.

गाडी दिल्लीस पोचते. फलाटावर गर्दी, पुष्पहार. आणि अदिती त्या गर्दीच्या कडेने आपली वाट काढून निघून जाते.