यकृताचं थांबणं

यकृतपेशी सुट्या करायला पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेत, कॅन्युलाची बारीक नळी गेल्या वर्षापासून माझी विद्यार्थिनी घालते. माझा अंगठा थरथरतो, आणि उंदराच्या त्या शिरेला थरथर चालत नाही. तिच्या हाताखाली यकृत एका दमात फिकं पडतं, तेव्हा आनंद होतो आणि हेवाही वाटतो. मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूखाली माझ्या पेशी इतरांपेक्षा जास्त जिवंत निघतात, हा माझा फार जुना अभिमान. आजही तिचा आकडा कळला की मी आधी माझी जुनी वही उघडतो.

प्रश्न मात्र तोच आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी रॅटच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. उरलेलं यकृत आठवड्या-दीड आठवड्यात जवळजवळ मूळ वजनाला पोचतं आणि थांबतं. वाढ सुरू कशी होते, यावर पुष्कळ काम झालंय. मला छळतं ते थांबणं. २००७ साली याप हे वाढीला चालना देणारं प्रथिन सतत चालू ठेवलेल्या उंदरांत यकृत शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढलं. एरवी ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं.

पेशी दाटीत असल्या की लॅट्स हे एन्झाइम यापवर फॉस्फेट चढवतं आणि याप केंद्रकाबाहेर अडकून राहतं; वाढ थांबते. हे बघायला मी पेशी सुट्या करतो, आणि कोलॅजिनेज या एन्झाइमने शेजार तुटला की नेमकी तीच अवस्था मोडते. सुटी झालेली यकृतपेशी विश्रांती सोडून विभाजनाच्या वाटेला लागते. म्हणजे थांबण्याबद्दल विचारायचं ते निघालेल्या पेशीला! त्यात प्लास्टिकची प्लेट यकृतापेक्षा कितीतरी कडक, आणि कडक पृष्ठभागावर पसरलेल्या पेशीत याप केंद्रकात शिरतं. मऊ जेल घेतलं, पेशी दाट पेरल्या, तरी शंका उरतेच. "सर, अजून दाट पेरू?" ती विचारते. मी हो म्हणतो.

हेप-जी-टू वापरून यकृताच्या वाढीवर निबंध लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ती यकृताच्या कर्करोगातून आलेली पेशी. जिचं थांबणंच बिघडलंय, तिची साक्ष काय काढायची? सोय म्हणून ती घेतात, आणि यकृत हाताळलेली माणसं प्रयोगशाळांतून कमी होत चालली आहेत.

यापवरचा निबंध हाती आला तर आकृत्यांआधी पद्धतीचा भाग वाचा. पेशी कुठल्या, किती दाट पेरल्या, खाली काय होतं, हे तिथे नसेल तर तो निष्कर्ष मी मानत नाही.