वऱ्हाडच्या आभाळातला बर्फ

नवतप्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हाही आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्यावर आलेलं असतं! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. ऐन बहरात गारपीट सोसलेला माणूस तो, वर बर्फ आहे हे त्याला पक्कं ठाऊक. पण त्याच थंड ढगांतून आपलं बेलोऱ्याचं विमान ये-जा करतं, आणि त्यासाठी माणसानं काय काय करून ठेवलंय हे वाचत गेलो, तसा मी अक्षरशः हरखून गेलो.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान अलायन्स एअरचं एटीआर ७२. हे पंख्यांचं विमान फार तर २५ हजार फुटांपर्यंत चढतं. मोठी जेट विमानं ढगांच्या बऱ्याच वरून निघून जातात, याला मात्र पावसाळ्यात पुष्कळदा त्या ढगांतूनच वाट काढावी लागते. आणि त्या ढगांतलं पाणी बघा: शून्याच्या खाली गेलेलं, तरी न गोठलेलं! पंखाचा स्पर्श झाला की तिथल्या तिथे त्याचा बर्फ होतो. पंखाचा आकार बिघडतो, विमान उचलून धरण्याची ताकद घटते, वेग पडत जातो.

आता पुढच्या वेळी विमानाकडे चालत जाताना पंखाच्या पुढच्या कडेकडे नीट बघा. तिथे काळा पट्टा दिसेल. तो रबराचा आहे! इंजिनाकडून येणारी दाबाची हवा त्यात शिरते, रबर फुगतं, वरचा बर्फ तडकतो आणि वाऱ्यानं उडून जातो. रबर पुन्हा चपटं, थोड्या वेळानं पुन्हा फुगणार. पंख्याची सहा पाती, समोरची काच, वेग मोजणाऱ्या नळ्या हे सगळं विजेनं तापवलेलं असतं. सगळ्यात मला आवडली ती कॅप्टनच्या खिडकीबाहेरची एक छोटीशी दांडी. तिचा आकारच असा, की विमानावरचा बर्फ गेला तरी तिच्यावरचा सगळ्यात शेवटी जातो. दांडी स्वच्छ होईपर्यंत पंख स्वच्छ झाला असं वैमानिक धरतच नाही. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत शेवटचा भरवसा माणसाच्या डोळ्यावर!

आणि ते रबर फुगलंच नाही तर? त्याचंही उत्तर आधीच लिहून ठेवलंय. आधी विमान सांभाळा, मग वाट ठरवा, मग बोला. वेग नेहमीपेक्षा जास्त राखा. बर्फ फारच साचत असेल तर सुकाणू हातात घट्ट धरून ऑटोपायलट काढा, कारण विमान कुठे ओढ खातंय हे ऑटोपायलट झाकून टाकतो. आणि बर्फातून बाहेर पडा. यंत्र का बिघडलं, ते नंतर.

बाहेर पडायचं कुठून? खालून! दर किलोमीटर खाली उतरलं की हवा सुमारे सहा अंशांनी उबदार होते. मेळघाटातलं वैराट १,१७८ मीटरवर. त्याच्याही वर काही किलोमीटर बर्फ वितळवणारी हवा पसरलेली असते. ज्या उन्हाला आपण वर्षभर बोल लावतो, तेच ऊन वैमानिकाची सुटकेची वाट आहे! सगळ्यांच्या नशिबी ती नसते, थंड देशांत कधी कधी जमिनीपर्यंत गोठणच असतं.

या नियमांमागे माणसं गेली आहेत. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळलं, ६८ जण गेले. बर्फ रबरी पट्ट्याच्या मागे साचला होता. त्यानंतर पट्टे रुंद केले गेले. ९ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमध्ये विन्येदोत याच जातीचं विमान पडलं, ६२ जण गेले. प्राथमिक अहवाल सांगतो की बर्फ काढणारी यंत्रणा अनेकदा चालू-बंद झाली आणि वेग वाढवण्याचा इशाराही आला होता.

बेलोऱ्यातच एअर इंडियानं ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारायचं ठरवलंय. अकोला-अमरावतीच्या शाळांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: गोठणबिंदूचा धडा शिकवताना बेलोऱ्याच्या विमानाचा तो काळा पट्टा मुलांना जरूर सांगा. यातलंच कुणी उद्या त्या खिडकीशी बसणार आहे.