चाळीस प्रश्नांचं इंग्रजी

गेल्या वर्षी जानेवारीतली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, धाकटा झोपला होता आणि थोरली सराव परीक्षेचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती. इंग्रजीच्या चाळीस प्रश्नांपैकी चौदा बरोबर आले होते. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चाळीसात दहा बरोबर येतात, म्हणजे बारा वर्षांच्या शाळेची कमाई चार गुण. तिनेच हा हिशेब मांडला आणि वर न बघता विचारलं, ''अम्मी, तुम्ही मला उर्दू शाळेत का घातलंत?''

आम्ही दोघंही गप्प राहिलो. घरातली आई शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मुलाला त्याच्या भाषेत शिकवा, हे तिने पालकसभेत किती वेळा सांगितलं असेल! अब्बा एका दुकानात हिशेब लिहितात. ते स्वतः कोकणातल्या मराठी शाळेत शिकले. मातृभाषेवर आमचा विश्वास आहे आणि आजही आहे. पण त्या रात्री समोर आमचीच मुलगी होती आणि प्रश्न तत्त्वाचा नव्हता, तिच्या प्रवेशाचा होता.

आमच्यासारख्या घरांसाठी ही परीक्षा नवी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बीएमएस, बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांना मुंबईत पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. 2024 मध्ये हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाची नावं बदलून वेगळी वाट काढली, पण ज्यांनी जुनं नाव ठेवलं त्यांच्याकडे सीईटीशिवाय वाट नाही. संगणकावर 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे. त्यातले 40 इंग्रजीचे, उरलेले तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान आणि संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजीत उतारे, व्याकरण, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा असं सगळं असतं. एका प्रश्नाला 54 सेकंद मिळतात.

थोरलीला बीएमएस करायचं होतं. मोहल्ल्यातल्या बायका घरी शिवणकाम करतात आणि मधला माणूस नफा घेऊन जातो, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. आपण त्यांचा माल थेट विकायचा, असं तिच्या डोक्यात होतं. म्हणून तिला हाच अभ्यासक्रम हवा होता.

घाबरलेले आईबाप करतात तेच आम्ही केलं. अब्बांनी शब्दांचं जाडजूड पुस्तक आणलं. रोज तीस शब्द पाठ, रात्री आम्ही विचारणार, असा नेम ठरला. एका क्लासचा पहिला हप्ताही भरला. तिथे सर भराभर प्रश्न सोडवून दाखवत आणि मुलं उतरवून घेत. महिन्याभराने थोरलीला पाचशे शब्दांचे अर्थ घडाघडा येऊ लागले आणि पुढच्या सराव परीक्षेत गुण आले पंधरा. शब्द पाठ होते, पण वाक्यात भेटले की ती त्यांना ओळखत नव्हती. दुसरा हप्ता आम्ही भरला नाही.

मग एका रविवारी आम्ही वेगळी गोष्ट केली. सोडवलेल्या सगळ्या सराव परीक्षा जमिनीवर पसरल्या आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत लिहिला. वहीत चार रकाने आखले : शब्द माहीत नव्हता, व्याकरण चुकलं, उतारा कळला नाही, वेळ संपला. वर्गातल्या मुलांच्या उर्दूच्या चुका आई वर्षानुवर्षं अशाच शोधत आली आहे. इंग्रजीला तोच हात लावायला ती इतके दिवस घाबरली होती, कारण तिला स्वतःला इंग्रजी बोलताना घाम फुटतो. वही भरली तेव्हा कळलं की सर्वांत रिकामा रकाना शब्दांचा होता, आणि आम्ही महिनाभर फक्त शब्दांच्याच मागे लागलो होतो.

व्याकरणाच्या रकान्यात तर चुका एकसारख्या होत्या. 'सिन्स' आणि 'फॉर' ती नेहमी उलटसुलट करायची. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून'. उर्दूत 'पीर से' आणि 'दो साल से', दोन्हीकडे 'से'. इंग्रजी मात्र सुरुवात सांगताना एक शब्द वापरते आणि किती काळ हे सांगताना दुसरा. आमच्या दोन्ही भाषांत लग्न कुणा'शी' होतं, म्हणून ती 'मॅरिड विथ' लिही. इंग्रजीला तिथे 'टू' लागतो. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून ती 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावे. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असं आपण सहज म्हणतो, इंग्रजीत त्या 'मी'चा 'तो' होतो आणि 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी'. 'अ', 'ॲन', 'द' तर आपल्या दोन्ही भाषांत नाहीतच.

थोरली वहीकडे बघत म्हणाली, ''म्हणजे मी वेडी नाही. मी उर्दूत विचार करते, एवढंच.'' एकदा हे कळल्यावर त्या चुका भराभर कमी झाल्या. नियम ती आधीही पाठ म्हणत होती, आता आपला पाय नेमका कुठे घसरतो ते तिला ठाऊक झालं होतं.

शब्दांचंही तसंच. उर्दू शिकलेल्या मुलीला 'बेईमान', 'नालायक', 'लापता', 'गैरहजर' यांतले बे, ना, ला, गैर कळतात. इंग्रजीतले 'डिस', 'अन', 'इन', 'नॉन' हे त्यांचेच भाऊबंद, असं सांगितल्यावर विरुद्धार्थी शब्दांची भीती निम्मी झाली. मग आम्ही जेवताना खेळ सुरू केला : इंग्रजीत गेलेले आपले शब्द शोधायचे. 'मॉन्सून'मागे 'मौसम', 'टॅरिफ'मागे 'तारीफ', 'सफारी'मागे 'सफर', 'ॲडमिरल'मागे 'अमीर', 'अल्जेब्रा'मागे 'अल-जब्र'. तुमच्या हातात आहे त्या मासिकाला इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणतात, त्यामागे अरबी 'मखजन', म्हणजे साठ्याची जागा. यातून परीक्षेत दोन गुणसुद्धा आले नसतील. पण इंग्रजी हे दुसऱ्याचं घर आहे आणि आपण दारात उभे आहोत, ही तिची समजूत सैल झाली.

उतारा सर्वांत अवघड गेला. बोर्डाच्या परीक्षेत धडे पाठ्यपुस्तकातले, कवितेचं रसग्रहण गाइडमधलं. तिथे पाठांतर कामाला येतं आणि थोरलीला तिथे गुण चांगलेच पडायचे. प्रवेश परीक्षेत उतारा अनोळखी असतो. ती प्रत्येक शब्दाचा मनात उर्दू अर्थ लावत वाचायची, त्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत पोचताना पहिली ओळ विसरलेली असायची. आम्ही उपाय केला तो साधाच. शेजारच्या घरून आदल्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र आणायला लागलो. अग्रलेखाला हात लावायचा नाही, आधी मुंबईच्या बातम्या. 'इन्किलाब'मध्ये सकाळी वाचलेली पाणीकपातीची बातमी तीच रात्री इंग्रजीत वाचायची. मजकूर ओळखीचा असला की अनोळखी शब्दाचा अंदाज येतो. घड्याळ बाजूला ठेवायचं, शब्दकोश मिटलेला. वाचून झालं की उर्दूत किंवा मराठीत एका वाक्यात सांगायचं : यात काय म्हटलंय?

एकदा खजुरावरचा उतारा आला होता. चार प्रश्नांपैकी तीन चुकले. आम्हाला नवल वाटलं, कारण खजुराबद्दल आमच्या मुलीला माहीत नाही असं काय असणार? चूक तीच होती. तिने स्वतःला ठाऊक असलेली खरी उत्तरं दिली होती, पण ती उताऱ्यात नव्हती. ''लिहिणाऱ्याने काय म्हटलंय तेवढंच सांग, तुझं पदरचं घालू नकोस,'' अब्बा म्हणाले. हिशेबनिसाची शिस्त इथे कामाला आली.

बारावीचे पेपर सुरू असतानाच रमजान लागला. सहरीनंतर फजर पढून पाऊण तास, तोच काय तो शांत वेळ. कधी कधी रोज्याने डोकं धरायचं, तरावीहहून परतताना ती पेंगायची. एका पहाटे तिने विचारलं, ''या मुबारक महिन्यात मी इंग्रजीचे उतारे वाचतेय, बरं आहे का हे?'' तेव्हा तिला हजरत जैद बिन साबित (रजि.) यांची हकीकत सांगितली. प्रेषितांनी (स.) त्यांना यहुद्यांची भाषा शिकायला सांगितलं, म्हणजे त्यांच्याशी होणारा पत्रव्यवहार नीट सांभाळता येईल. जैद यांनी ती अवघ्या पंधरवड्यात आत्मसात केली, असं हदीसमध्ये येतं. पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत कुरआनचं संकलन करण्याची जबाबदारी याच जैद यांच्यावर आली. दुसऱ्यांची भाषा शिकल्याने त्यांची आपल्या भाषेवरची पकड सैल झाली नाही. ती काही बोलली नाही, पुढचा उतारा काढला.

ईदनंतर परीक्षा झाली. केंद्र अंधेरीच्या बाजूला होतं. घाटकोपरहून मेट्रोने आम्ही तिघं निघालो. आम्ही ठरवून दिलेलं एवढंच होतं : इंग्रजीला 35 मिनिटं, अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, आणि गुण कापत नाहीत म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. केंद्राबाहेर रसवंतीच्या सावलीत उभ्या असलेल्या आईबापांत कुणी तसबीह फिरवत होतं, कुणी हनुमान चालिसा पुटपुटत होतं. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, ''सगळे उतारे वाचून झाले.'' किती बरोबर आले, ते आम्ही विचारलं नाही.

निकाल ठीक लागला, डोळे दिपवणारा नाही. तिच्या यादीतलं पहिलं महाविद्यालय मिळालं नाही, दुसरंही नाही. चौथं मिळालं. अल्हम्दुलिल्लाह, ते आमच्या फीच्या आवाक्यातलं आहे आणि घरून जाऊन-येऊन करता येतं. पहिल्या सत्रात तिने वर्गासमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवलं. दोनदा अडखळली, असं तिनेच सांगितलं.

जानेवारीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आम्ही तिला द्यायचं होतं. निकालानंतर एका संध्याकाळी दिलं. उर्दू शाळेत घातलं याचा आम्हाला पस्तावा नाही, तिच्या पायात बळ त्याच भाषेने आणलं. आमची चूक दुसरी होती. राज्यातल्या सगळ्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा शाळा बघून घेईल असं म्हणून आम्ही निवांत राहिलो. आमच्या घरात बारा वर्षं इंग्रजीची एक ओळ कुणी मोठ्याने वाचली नाही. आम्हाला येत नाही हे मुलांना दिसू नये, म्हणून आम्ही ती भाषा घराबाहेरच ठेवली. हे बोलताना आईचा आवाज भरून आला. थोरली म्हणाली, ''आता वाचता ना?''

वाचतो. धाकटा सहावीत आहे, उर्दू शाळेतच. रोज मगरीबनंतर पंधरा मिनिटं घरात इंग्रजी मोठ्याने वाचलं जातं आणि आईचे उच्चार चुकले की तो खो खो हसतो. हसू देतो.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मुलाला दिल्ली किंवा अन्य केंद्रीय विद्यापीठात जायचं असेल तर 2022 पासून सुरू झालेली सीयूईटी द्यावी लागते. तिच्यात भाषेच्या 13 पर्यायांत इंग्रजीबरोबर उर्दू आणि मराठीही आहेत. हव्या त्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते ते अर्ज भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाकडे पाहावं, आपल्या मुलाची बळकट भाषा वाया घालवू नये. तिथे बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो, तेव्हा अंदाजपंचे खुणा करणं महागात पडतं. दुसरी गोष्ट, क्लास लावा किंवा लावू नका, पण चुकांची वही घाला.

आमच्याकडची ती चार रकान्यांची वही आता घरात नाही. मोहल्ल्यातल्या तीन मुली रविवारी असरनंतर थोरलीकडे येतात, वही त्यांच्यात फिरते. गेल्या रविवारी त्यांतल्या एकीने विचारलं, ''बाजी, 'सिन्स' आणि 'फॉर'मध्ये माझं नेहमी का चुकतं?'' थोरलीने पेन्सिल उचलली आणि कागदावर आधी 'से' लिहिलं.